मी पाहिलेली गौरांगीची बदली

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची, चार दारांची गाडी आहे. माझ्या पुढच्या काचेला लांब तडा गेला आहे, मागच्या चाकांवरच्या पत्र्याला गंज चढला आहे आणि माझा बंपर बाकीच्या अंगापेक्षा जरा गडद आहे. कॅल्गरीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फावरून घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून ती उडते, त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांच्या काचा अशाच असतात. बंपरची गोष्ट मात्र निराळी आहे. ती सांगितल्याशिवाय माझे आयुष्य सांगून होणार नाही.

माझा जन्म सोळा वर्षांपूर्वी ओन्टारिओतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मालगाडीत बसून, तीन दिवस सपाट माळराने बघत, मी कॅल्गरीला आले. एका शनिवारी डॉक्टर जनार्दन आणि त्यांच्या पत्नी मृणालिनीकाकू दुकानात आले. काकांनी माझे दार चार वेळा उघडले, चार वेळा लावले आणि कान देऊन आवाज ऐकला. काकू म्हणाल्या, "गाडी घेताय की पेशंट तपासताय?" काकांनी त्याच दिवशी मला घरी नेले.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. काका दर रविवारी दोन बादल्या घेऊन मला धूत. ऑक्टोबर लागला की बर्फावर न घसरणारे विंटर टायर्स चढवत. थंडी उणे वीसच्या खाली गेली की माझ्या बोनेटमधून लोंबणारी वायर भिंतीतल्या प्लगला लावत, म्हणजे सकाळी इंजिन गोठलेले नसे. पुढे काकू गेल्या. मग काकांची नजर अधू झाली आणि एका सकाळी त्यांनी मला गॅरेजमध्ये उभे करून किल्ली खुंटीला टांगली. दोन वर्षे ती तिथेच होती. उभे राहणे हे गाडीला काही मानवत नाही, मित्रांनो.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये गौरांगी आली. तिचे आईवडील, माधवी आणि मिलिंद, ओन्टारिओतल्या स्कारबरोला राहतात. काकांशी त्यांची मराठी मंडळातली जुनी ओळख. गौरांगी नुकतीच डॉक्टर झाली होती आणि सर्जरी शिकायला कॅल्गरीला आली होती. डॉक्टर झाल्यावरही पुढची काही वर्षे रुग्णालयात काम करत करत शिकावे लागते. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची. काकांनी तिला घराचे बेसमेंट राहायला दिले आणि पहिल्याच दिवशी माझी किल्ली तिच्या हातात ठेवली. "चालव. उभी राहून खराब होतेय," एवढेच म्हणाले.

सुरुवातीला आमचे छान चालले होते. पहाटे साडेपाचला आम्ही निघायचो. वाटेत चिरागला घ्यायचो. चिराग तिच्याच वर्षातला. आईवडील नागपूरचे, तो वाढला एडमंटनला. दोघे बरेचसे इंग्रजीत बोलत; मी ते तुम्हाला मराठीत सांगते. गौरांगीचा हात चांगला होता. तिने घातलेले टाके बघून एका मोठ्या सर्जनने विचारले होते, "शिवणकाम कुणी शिकवलं तुला?" हे तिने गाडीतून फोनवर आईला सांगितले. आठवडाभरात स्कारबरोच्या अर्ध्या मंडळाला ते कळले होते.

बदल नेमका कधी झाला ते मला सांगता येणार नाही. एवढे आठवते की दुसऱ्या वर्षी ती पार्किंगमध्ये पोचल्यावर लगेच उतरेनाशी झाली. चिराग पुढे जायचा. ती इंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसायची. आधी एक मिनिट, मग चार, मग दहा. मग दार उघडून धावत सुटायची.

एकदा परत येताना ती चिरागला म्हणाली, "आज ओरडा खाल्ला."

"कशावरून?"

"तो म्हातारा ट्रकवाला आहे ना, पोटाचं ऑपरेशन झालेला. त्याला विचारायचं होतं, घरी गेल्यावर जिना चढता येईल का. बायको वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलीय. तीन दिवस त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी बसले त्याच्याजवळ. त्याच्या शेजाऱ्याला फोन लावून दिला. वीस मिनिटं गेली. तिकडे ऑपरेशनला माझी वाट बघत होते."

"मग ओरडणारच."

"बरोबरच आहे त्यांचं. पण चिराग, या महिन्यात तेवढीच वीस मिनिटं अशी गेली की मी घड्याळाकडे बघितलं नाही."

चिरागला झोप लागली होती.

त्या हिवाळ्यात माझ्याकडेही कुणाचे लक्ष नव्हते. ऑइल बदलायची वेळ टळून गेली. समोर नारिंगी दिवा लागला. गौरांगी रोज त्याच्याकडे बघे आणि म्हणे, "बघू नंतर." मला तिचा राग आला नाही. ती जेवणही नंतरच बघत होती.

जानेवारीतल्या एका सकाळी नऊच्या सुमारास ती सव्वीस तासांची ड्युटी संपवून निघाली. त्या दिवशी चिरागला सुट्टी होती, ती एकटीच होती. रस्त्यावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर होता. चालता चालता तिच्या पायाचे वजन मला कमी झालेले जाणवले. तिचे डोळे मिटले होते. दोनतीन सेकंदच, पण तेवढ्यात मी उजवीकडे सरकले, घसरले आणि कडेला साठलेल्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबले. माझा बंपर तुटला. तिला खरचटलेही नाही.

तिने फोन केल्यावर चिराग टॅक्सी करून, हातात शोव्हल घेऊन आला. अर्धा तास बर्फ उपसत होता. मग हात चोळत शेजारी येऊन बसला.

"लागलं नाही ना?"

"नाही." ती समोरच बघत होती. "एक सांगू? घसरले तेव्हा भीती नाही वाटली. वाटलं, हात मोडला तर बरं होईल. सहा आठवडे जावं लागणार नाही."

चिरागने हात चोळणे थांबवले.

"हे कुणाला सांगितलंस?" चिरागने विचारले.

"तुला."

"गौरांगी, तुला सर्जरी सोडायचीय का?"

"कसं सोडतात ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणी काही सोडलेलं नाही."

तर बंपर असा नवा आला. तो बसवून झाल्यावरच्या रविवारी ती काकांना ग्रोसरीला घेऊन निघाली आणि तिने त्यांना सांगून टाकले. सर्जरीतून फॅमिली मेडिसिनमध्ये बदली मागायची आहे. घरातल्या सगळ्यांचा एकच डॉक्टर असतो ना, जो वर्षानुवर्षे त्यांना ओळखतो, तसे व्हायचे आहे. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मी एकाहत्तर साली आलो तेव्हा नागपूरला चार वर्षं सर्जरी केलेली होती. इथे म्हणाले, सर्जरीत जागा नाही, भूल द्यायला शिकायचं तर जागा आहे. घेतली. तक्रार केली नाही. आम्हाला मिळेल ते धरावं लागलं. तुम्हाला मिळालेलं सोडायचंय."

दुकान आल्यावर गौरांगीने उतरून त्यांचे दार उघडले, त्यांना हात दिला आणि कार्ट आणायला गेली.

आईचा फोन त्याहून अवघड गेला. माधवीताईंचा आवाज माझ्या स्पीकरमधून येत होता. "फॅमिली डॉक्टरच व्हायचं होतं तर दोन वर्षं कशाला घालवलीस? लोक विचारतील, झेपलं नाही का तिला?"

"झेपतंय, आई. दॅट्स द थिंग. झेपतंय, आणि तरी मला जायचंय."

"मग जरा कळ काढ."

"किती?"

पलीकडून बाबा ऐकू आले, लांबून बोलल्यासारखे. "माधवी, तिला जेवलीस का ते विचार."

बदली मागणे म्हणजे नुसते पत्र लिहिणे नव्हते. तिच्या प्रोग्रामच्या प्रमुख बाईंनी तिला सोडायला हवे, आणि दुसरीकडे कुठेतरी रिकामी जागा असायला हवी. दोन्ही जमले तर ठीक, नाहीतर आहे तिथेच राहायचे. पण आता सगळ्यांना माहीत होऊन, की हिला इथे राहायचे नव्हते. म्हणूनच ती तीन आठवडे त्या बाईंच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. शेवटी गेली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "जागा मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

ही गोष्ट आठ दिवसांत सगळीकडे पसरली. मार्चमधल्या एका सकाळी, पार्किंगमध्ये, चिराग पट्टा सोडून उतरता उतरता थांबला.

"नवीन वेळापत्रक बघितलंस? पुढच्या वर्षाचं. तू गेलीस तर कसं होईल त्याचं."

"नाही."

"आपण पाच जण होतो. एक बाळंतपणाच्या रजेवर. तू गेलीस की तीन. तू चुकीचं करतेयस असं मी म्हणत नाही. पण तुझ्या वाट्याच्या रात्री कुणीतरी करणार आहे, गौरांगी. तो मी आहे."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"माहीत असून काय होतं?"

तो उतरला. दुसऱ्या दिवसापासून तो सीट्रेनने, म्हणजे शहरातल्या लोकल रेल्वेने, जाऊ लागला. आम्ही त्याच्या घरावरून जायचो, पण थांबत नव्हतो.

उत्तर आले ते एप्रिलमध्ये, सकाळी सहाला दहा कमी असताना. ती गाडीतच होती. फोन वाजला, तिने ईमेल उघडला, एकदा वाचला, परत वाचला. यंदा कुठेही जागा नाही. तिने फोन पालथा ठेवला. आरशात बघून केस बांधले. दहा मिनिटांत राउंड सुरू होणार होता. ती उतरली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला लॉक करायला विसरली.

मित्रांनो, यानंतरचे महिने मला आठवायला आवडत नाहीत. रुग्णालयात कुणी तिला वाईट बोलले नाही. फक्त ऑपरेशनची चांगली कामे दुसऱ्यांना मिळू लागली. जाणारीला शिकवून काय उपयोग, असे एका सर्जनने तिच्यासमोरच म्हटले, तेही हसत. ज्या हाताच्या टाक्यांचे कौतुक झाले होते तो हात आता तासन्‌तास दुसऱ्यासाठी जखम उघडी धरून उभा राही. हे ती आईला सांगत नव्हती. चिरागला सांगता येत नव्हते. गाडीत एकटी असताना कधीकधी मोठ्याने बोलायची, पण वाक्य पुरे करत नसे.

ऑक्टोबरात एका रविवारी काका स्वतःहून म्हणाले, "मला जरा तलावावर ने." पाणी अजून गोठले नव्हते. पार्किंगमध्ये आम्ही तोंड पाण्याकडे करून थांबलो. काकांनी काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली होती.

"चौतीस वर्षं मी भूल दिली," ते म्हणाले. "वाईट नव्हतो. माझ्या हातून कुणाचं नुकसान झालं नाही. पण ऑपरेशन टेबलावर एक पडदा असतो बघ. अलीकडे मी, पलीकडे सर्जन. रोज पडद्यावरून मी त्यांचे हात बघायचो. मनात म्हणायचो, इथे मी असा धरला असता, इथे असा."

गौरांगी वळून त्यांच्याकडे बघू लागली.

"मृणालिनीला मी सांगितलं होतं, मला आता हेच आवडतं. तिने परत कधी विचारलं नाही. मला वाटायचं, पटलं तिला. आता वाटतं, तिला माहीत असणार." त्यांनी काठी जरा सरकवली. "जानेवारीत मी तुला जे बोललो ते शिकवायला नव्हतो बोललो. मला तुझा हेवा वाटला होता. तुला हवं ते विचारता येतं, या गोष्टीचा. परत अप्लाय कर."

"परत नाही म्हणाले तर?"

"तर परत घरी येशील. बेसमेंट आहेच."

गौरांगीने इंजिन सुरू केले आणि काकांच्या बाजूचा हीटर वाढवला. त्या आठवड्यात तिने दुसऱ्यांदा अर्ज केला. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, मला मेकॅनिककडे नेऊन ऑइल बदलून आणले.

फेब्रुवारीत जागा निघाली. स्कारबरोजवळच्या एका रुग्णालयातून कुणीतरी दुसरीकडे गेले होते, म्हणून तिथे एक खुर्ची रिकामी झाली होती. गौरांगीला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या मुलांबरोबर. तिने आईला फोन केला. माधवीताईंनी अभिनंदन असा शब्द वापरला नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या खोलीत बाबांनी कॉम्प्युटर मांडलाय. तो हलवायला सांगते." गौरांगी म्हणाली, "थँक्स, आई," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नाक पुसत बसली.

मेकॅनिकने माझी तपासणी करून सांगितले की गावातल्या गावात ही अजून काही वर्षे चालेल, पण ओन्टारिओपर्यंत नेऊ नका. गौरांगीने काकांना विचारले, गाडीचे काय करू. काका म्हणाले, "गाडी तुझी. कुणाला द्यायची ते तू ठरव."

जूनच्या शेवटी तिने चिरागला घरी बोलावले. तो अंगणात, माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. तो पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. वर्षभरात दोघे कामापुरतेच बोलले होते. तिने किल्ली पुढे केली.

"ही लाच आहे का?" चिराग म्हणाला.

"नाही. माफी मागतेय. पुरणार नाही, माहीत आहे."

"नाही पुरत." त्याने किल्ली लगेच घेतली नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, काचेच्या तड्यावरून बोट फिरवले. मग हात पुढे केला. "ऑइल कधी बदललंय?"

"मागच्या आठवड्यात."

"विंटर टायर्स?"

"गॅरेजमध्ये आहेत. काकांना विचार, ते दाखवतील. आणि चिराग, बेसमेंटही रिकामं होतंय."

दोन दिवसांनी ती विमानाने गेली. विमानतळावर तिला मीच सोडले, म्हणजे चिरागने, आणि मी. उतरताना तिने माझ्या छपरावर हात ठेवला. चिरागला ती काहीतरी म्हणाली, पण मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि ते मला ऐकू आले नाही.

गौरांगी आता बरी आहे असे तिच्या फोनवरून कळते. सगळे गोड झाले असे नाही. नवीन ठिकाणी पहिले काही महिने तिला कुणीतरी विचारेच, "तू तीच का, सर्जरी सोडून आलेली?" पण तिचे पेशंट तिला नावाने ओळखतात. बाबांच्या मागे लागून त्यांची साखर तिने आटोक्यात आणली. आई मंडळात काय सांगते ते मात्र तिला अजून माहीत नाही.

मी चिरागकडे आहे. तो खाली बेसमेंटमध्ये राहतो, काकांना रविवारी ग्रोसरीला नेतो. ज्या रात्री गौरांगीच्या होत्या, त्या तो करतो. माझ्या मागच्या सीटवर कॉफीचे रिकामे कप साठले आहेत. तो फारसे बोलत नाही. त्याला सर्जरी आवडते, सोडायची नाही, पण आवडणाऱ्या कामानेही माणूस झिजतो हे मी आता रोज बघते.

गेल्या महिन्यात, दुपारच्या वेळी, आम्ही घरी येत होतो. गौरांगीचा फोन आला.

"कसा आहेस?"

"ठीक."

"जेवलास?"

"हो."

एरवी इथे फोन संपला असता. त्या दिवशी ती थांबली. "चिराग, मी परत विचारतेय. कसा आहेस?"

त्याने सिग्नल ओलांडला. मग इंडिकेटर लावून मला कडेला घेतले, गिअर पार्कमध्ये टाकला आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवले. "नाही गं," तो म्हणाला, "नाही ठीक."

"बोल. मला घाई नाही," ती म्हणाली.

तो बोलला. जवळजवळ तासभर. काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्याचे आहे. मी माझे काम केले. बाहेर थंडी होती, मी आतला हीटर चालू ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीचे फारसे मागणे नसते. वेळेवर ऑइल बदला, थंडीत वायर लावा, गंज दिसला तर दुर्लक्ष करू नका. पण तुमच्या घरातही कुणी दुसऱ्यांची काळजी घेऊन दमून येत असेल. कुणाची आई, कुणाचा काका, कुणाची ताई. त्यांना कसे आहात म्हणून विचारले तर ते ठीक म्हणतील. तुम्ही तेवढ्यावर खेळायला पळू नका. जरा थांबा, आणि आणखी एकदा विचारा.